मिक्श्चर स्क्रूनं सगळं सुटत नाही: छोट्या गाडीवर बाहेरचा कार्बोरेटर कसा जमवायचा

१०० ते १२५ सीसीच्या गाडीवर बाहेरचा, म्हणजे मूळ गाडीबरोबर न आलेला, कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग) बसवला, की बहुतेक ठिकाणी एकच उद्योग सुरू होतो. गाडी चढाला दम तोडते, मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलणारा) अर्धा आटा, म्हणजे अर्धा फेरा, बाहेर. ॲव्हरेज पडलं, अर्धा आटा आत. सिग्नलला बंद पडते, पुन्हा पाव आटा. गाडी कधीच नीट होत नाही आणि शेवटी दोष कार्बोरेटरवर जातो.

खरी गोष्ट अशी, की त्या स्क्रूची सत्ता जेमतेम पाव थ्रॉटलपर्यंत, म्हणजे मूठ पाव पिळेपर्यंत, चालते. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरच्या घाटात तिसऱ्या गिअरमध्ये अर्धा थ्रॉटल धरून चढताना गाडी झटके मारत असेल, तर स्क्रू कुठंही नेऊन ठेवा, फरक जवळजवळ पडणार नाही. तिथं काम निडलचं आहे, म्हणजे मूठ पिळली की वर सरकणाऱ्या स्लाइडला लटकलेल्या निमुळत्या सुईचं. म्हणून पहिला प्रश्न ‘स्क्रू किती फिरवू’ हा नाही. तक्रार नेमक्या किती थ्रॉटलला येते, हे आधी पाहायचं.

कोण किती थ्रॉटलला काम करतं

ॲक्सिलरेटरच्या मुठीवर कागदी चिकटपट्टी लावा आणि शेजारच्या स्विचच्या डब्यावर एक रेघ मारा. मूठ पूर्ण सोडलेली, पाव, अर्धी, पाऊण आणि पूर्ण अशा पाच खुणा पट्टीवर करा. हे दोन मिनिटांचं काम पुढचे कितीतरी तास वाचवतं, कारण अंदाजानं ‘अर्धा’ म्हणणारा माणूस बहुधा पाव थ्रॉटललाच असतो.

जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा तुकडा. मूठ सोडलेल्या अवस्थेपासून पावपर्यंत पायलट जेट आणि मिक्श्चर स्क्रू पेट्रोल देतात. एक अष्टमांश ते पाव या पट्ट्यात स्लाइडच्या तळाची तिरकी कापणीही बोलते. तिथं कापणी जास्त असेल तर हवा जास्त, म्हणजे मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी). पाव ते पाऊण हा सगळा इलाका निडलचा. पाऊणच्या पुढं मेन जेट. या हद्दी पक्क्या भिंतींसारख्या नाहीत, एकमेकींत थोड्या शिरतात. पण दोष शोधायला एवढा नकाशा पुरतो. रोजच्या शहरातल्या चालवण्यात गाडी बहुतेक वेळ पाव ते अर्ध्यातच असते. म्हणजे तुमचं ॲव्हरेज मुख्यतः पायलट आणि निडल ठरवतात. ‘ॲव्हरेजसाठी मेन जेट छोटा टाका’ हा सल्ला त्यामुळं चुकीचा आहे आणि धोक्याचाही. पूर्ण थ्रॉटलला लीन चाललेलं इंजिन तापतं आणि त्याची किंमत पिस्टन मोजतो.

आधी माप, मग खरेदी

मोठा कार्बोरेटर म्हणजे जास्त ताकद, हा समज सगळ्यात महाग पडतो. कार्बोरेटरच्या गळ्यातून हवा वेगानं गेली तरच जेटमधून पेट्रोल ओढलं जातं आणि त्याचे बारीक थेंब होतात. १८ मिमीचा गळा काढून २६ मिमीचा बसवला, तर क्षेत्रफळ दुपटीहून जास्त होतं. इंजिन तेवढंच आहे, ओढणारी हवा तेवढीच. मग कमी रेसला हवेचा वेग अर्ध्याहून खाली येतो आणि मूठ झटक्यात पिळली की गाडी ‘भॉऽ’ करून बसते. नळीचं तोंड रुंद केल्यावर पाण्याचा फवारा जसा मंदावतो, तसंच हे आहे. १०० ते ११० सीसीच्या, आतून काहीही न बदललेल्या गाडीला २०-२२ मिमीच्या वर जाण्यात अर्थ नाही. २८ मिमीचा कार्बोरेटर कॅम, पोर्ट आणि सायलेन्सर बदललेल्या इंजिनासाठी ठेवा.

डब्यावरच्या आकड्यावर विसंबू नका. मिकुनी कंपनीचा व्हीएम २२ हा पुष्कळदा ‘२६ मिमी’ म्हणून विकला जातो, कारण त्याचं इंजिनकडचं तोंड २६ मिमीचं असतं. गळा मात्र २२ चाच. व्हर्निअर घेऊन स्लाइडच्या खालचा अरुंद भाग मोजा.

जेटच्या नंबरांचंही तसंच. केहिन या दुसऱ्या कंपनीच्या पद्धतीच्या जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १०० नंबर म्हणजे १ मिमी. मिकुनीच्या षटकोनी जेटवरचा नंबर प्रवाहाचा असतो. दोन्ही १०० लिहिलेले असले तरी एक नव्हेत, एकाच्या जागी दुसरा धरून हिशेब करू नका. आणि केहिनच्या आकड्यात ५ नं वाढ म्हणजे ५ टक्के वाढ नाही. १०० वरून १०५ ला गेलात की भोकाचं क्षेत्रफळ १० टक्क्यांनी वाढतं. म्हणून एकदम दहा-पंधरा नंबरच्या उड्या मारू नका, २ ते ५ नंबरची पावलं टाका. स्वस्त नकली कार्बोरेटरमध्ये आलेल्या जेटवर छापलेला नंबर खरा असेलच असं नाही. जुना जेट दुकानात घेऊन जा, आटे जुळवा आणि चांगल्या बनावटीचे मेन जेट वरचे दोन, खालचे दोन आणि पायलट एक वरचा, एक खालचा असा संच घ्या. ट्यूनिंगचं निम्मं काम त्या संचात असतं.

बसवताना होणाऱ्या चुका

काम थंड इंजिनावर, उघड्यावर करा. पेट्रोलचा कॉक बंद, फ्लोटच्या वाटीतलं (कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोल साठतं ती; फ्लोट तिची पातळी राखतो) पेट्रोल बाटलीत काढलेलं, जवळ वाळूची बादली. गरम सायलेन्सरवर पेट्रोलचे चार थेंब पडले तरी आग लागू शकते.

स्लाइड आत सोडताना तिची तिरकी कापलेली बाजू एअर फिल्टरकडं आली पाहिजे. एका बाजूच्या उभ्या खाचेत आतली पिन बसते, दुसऱ्या बाजूच्या खोबणीत आयडलचा (स्लो रेस ठरवणारा) स्क्रू टेकतो. उलटी बसली तर स्लाइड पुरती खाली जात नाही आणि किक मारताच इंजिन पूर्ण रेसला किंचाळतं. म्हणून किक मारण्याआधी मूठ पिळून सोडा. स्लाइड तळाला आपटल्याचा ‘टक्’ आवाज ऐकू आलाच पाहिजे. हँडल डावीकडं-उजवीकडं पूर्ण वळवून तीच तपासणी करा. केबलला मुठीपाशी २ ते ६ मिमी मोकळीक हवी, नाहीतर हँडल वळवलं की रेस वाढते.

यानंतर हवेची गळती. कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधलं बेकलाइट पॅकिंग, त्याची ओ-रिंग, रबरी इनलेट पाइप, यांपैकी कुठूनही चोरून हवा आत शिरली तर तुमचं सगळं ट्यूनिंग खोटं ठरतं. मूठ सोडल्यावर रेस लगेच खाली न येता वर रेंगाळते, स्लो (मूठ सोडल्यावरची इंजिनाची चाल) एका जागी बसत नाही, ही तिची खूण. गाडी स्लोवर ठेवून सांध्यांवर फवाऱ्याच्या बाटलीनं थोडं पाणी मारा. आवाज बदलला की गळती तिथंच. या कामाला काही जण कार्ब क्लीनर किंवा पेट्रोल फवारतात. ते करू नका, इंजिन गरम असतं. फ्लँजचा (कार्बोरेटर इंजिनाकडं जिथं टेकतो त्या चपट्या कडेचा) पृष्ठभाग वाकला असेल तर काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून घासून सपाट करता येतो. बोल्ट मात्र अति आवळू नका, फ्लँज वाकतो त्यामुळंच.

एक गोष्ट हमखास विसरली जाते. कंपनीच्या बऱ्याच गाड्यांमध्ये सायलेन्सरमध्ये ताजी हवा सोडणारी व्यवस्था असते आणि तिची बारीक रबरी नळी कार्बोरेटरला किंवा इनलेट पाइपला जोडलेली असते. बाहेरच्या कार्बोरेटरला तिची जागा नसते, मग नळी उघडी लोंबकळते. उघडं राहिलेलं टोक इनलेटचं असेल तर तीच हवेची गळती. ते रबरी टोपीनं बंद करा. काही गाड्यांत कार्बोरेटरवर थ्रॉटलचा स्विच किंवा सेन्सर असतो आणि ठिणगीची वेळ त्यावर ठरते. तो काढून टाकल्यावर पिकअप मंदावला, तर जेटला दोष देण्यात अर्थ नाही.

फ्लोटची पातळी

जेट बदलून बदलून थकलेल्या गाड्यांत पुष्कळदा मूळ कारण फ्लोटच निघतं. वाटीतली पेट्रोलची पातळी वर असेल तर सगळ्या थ्रॉटलला मिक्श्चर रिच (पेट्रोल जास्त), खाली असेल तर सगळीकडं लीन. वाटी काढा, कार्बोरेटर तिरपा धरा. फ्लोटची पितळी जीभ निडल व्हॉल्व्हच्या (वाटीत येणारं पेट्रोल अडवणारा, आधीची निडल नव्हे) स्प्रिंगवाल्या टोकाला नुसती टेकली पाहिजे, स्प्रिंग दबता कामा नये. त्या अवस्थेत फ्लोटचं अंतर मोजा आणि त्या मॉडेलच्या तक्त्याशी ताडा. जुळत नसेल तर जीभ केसभर वाकवा. केसभर म्हणजे केसभरच. एवढ्याशा वाकण्याचा परिणाम फ्लोटच्या दुसऱ्या टोकाला मोठा होतो.

गाडी उभी असताना ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल ठिबकत असेल तर बहुतेक वेळा निडल व्हॉल्व्हच्या रबरी टोकाखाली कचरा अडकलेला असतो किंवा टोकावर चर पडलेली असते. जुन्या टाकीतला गंज खाली येतो आणि नेमका तिथं बसतो. टाकी धुतल्याशिवाय नवा कार्बोरेटर बसवूच नका.

ट्यूनिंगचा क्रम

कार्बोरेटरला हात लावण्याआधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) गाडीच्या पुस्तकातल्या गॅपप्रमाणे सेट केलेले, प्लग चांगला आणि एअर फिल्टर स्वच्छ हवा. फिल्टर काढून ट्यून केलेली गाडी फिल्टर बसवल्यावर रिच होते. जशी चालवणार तशीच जुळवा.

इंजिन गरम करा. उभ्या जागेवर दोन मिनिटं नाही, दहा मिनिटं चालवून. मग पायलटची कच्ची जुळवणी: स्क्रू हलक्या हातानं आत टेकवा. आवळू नका, त्याच्या सुईसारख्या टोकाला खाच पडली की तो कायमचा बिघडला. टेकल्यावर दीड आटा बाहेर काढा आणि गाडी स्लोवर टिकेल एवढी आयडल स्क्रूनं रेस ठेवा.

लगेच बारीक जुळवणीत अडकू नका, आधी मेन जेटकडं जा. याचं कारण असं, की निडलपर्यंत येणारं पेट्रोल मेन जेटमधूनच येतं. मेन जेट नंतर बदलला तर निडलचं काम पुन्हा करावं लागतं. रिकामा सरळ चढ निवडा; चढावर वेग कमी राहतो आणि इंजिनावर भार येतो. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल द्या. महामार्गावर किंवा वस्तीत हा प्रयोग नको. ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांसाठी गर्दी होते तेव्हा कासच्या रस्त्यावरही नको. पूर्ण थ्रॉटलला गाडी जड, घोगरी चालते, काळा धूर सोडते, तर जेट मोठा आहे. पूर्ण थ्रॉटलला ओढ मध्येच तुटते, पण चोक किंचित ओढल्यावर गाडी पुन्हा ओढते, तर जेट छोटा आहे. खात्री करायला नवा प्लग लावून अशीच एक चढण पूर्ण थ्रॉटलला घ्या, क्लच दाबून तिथंच इंजिन बंद करा आणि प्लग काढा. पांढऱ्या पोर्सेलिनच्या अगदी मुळाशी, खोल आत, फिकट तपकिरी कडं दिसलं पाहिजे. टोकाचा रंग पाहून निष्कर्ष काढू नका, आजच्या पेट्रोलमध्ये तो फसवतो. स्लोवर घरापर्यंत आणून मग काढलेला प्लग फक्त स्लोबद्दलच सांगतो.

मेन जेट जमला की निडल. वरच्या टोकाशी बहुधा पाच खाचा असतात आणि एकीत क्लिप असते. मधल्या खाचेपासून सुरुवात करा. क्लिप वर सरकवली की निडल खाली जाते आणि मिक्श्चर लीन होतं. क्लिप खाली आणली की निडल वर येते आणि रिच होतं. हे डोक्यात उलटं बसतं, म्हणून क्लिप हलवण्याआधी एकदा मोठ्यानं म्हणून घ्या. अर्ध्या थ्रॉटलवर एकसारखा चढ चढा. झटके, कार्बोरेटरमधून ‘फट्’ असा उलटा आवाज आणि इंजिन पटकन तापणं म्हणजे लीन. ‘भुरभुर’ असा ओला आवाज, मंद ओढ आणि गाडी गरम होईल तशी तक्रार वाढणं म्हणजे रिच. एका वेळी एकच खाच.

शेवटी पुन्हा पायलट, आणि आता सावकाश. स्क्रू कुठल्या बाजूला आहे ते पाहा. स्लाइडच्या एअर फिल्टरकडच्या बाजूला असेल तर तो हवेचा स्क्रू. बाहेर काढला की लीन होतं. इंजिनकडच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा. बाहेर काढला की रिच होतं. ही ओळख न करता फिरवणारे अर्धा दिवस उलट्या दिशेनं जातात.

आयडल स्क्रूनं रेस थोडी वाढवून ठेवा. मिक्श्चर स्क्रू पाव आटा फिरवा आणि दहा सेकंद थांबा. कान इंजिनाकडं. रेस वाढली तर त्याच दिशेनं आणखी पाव. एका जागी रेस सगळ्यात वर जाते आणि ठोके एकसारखे पडतात. त्याच्या पुढं गेलात की पुन्हा खाली येते किंवा अडखळते. त्या सर्वांत वरच्या जागी स्क्रू ठेवा आणि आयडल स्क्रूनं रेस खाली आणा, १०० सीसीच्या गाडीला साधारण १४०० आरपीएमपर्यंत. पुन्हा एकदा पाव पाव आट्यानं तपासा. छोट्या गाड्यांना टॅकोमीटर नसतो. प्लगच्या वायरला गुंडाळायचा स्वस्त डिजिटल टॅको मिळतो, तो घ्या.

ती उत्तम जागा एक ते अडीच आट्यांच्या मध्ये आली तर पायलट जेट बरोबर आहे. हवेचा स्क्रू जवळजवळ पूर्ण आत न्यावा लागत असेल तर पायलट जेट छोटा पडतोय, तीन आटे बाहेर काढूनही रेस वाढतच असेल तर मोठा. पेट्रोलच्या स्क्रूला हेच नेमकं उलट. अशा वेळी स्क्रूशी झटापट करू नका, जेट बदला.

झटक्यात मूठ पिळल्यावर येणारी अडखळ हा वेगळा विषय आहे. स्लाइड एकदम वर गेली की हवा तत्काळ वाढते, पेट्रोल मागं राहतं. काही कार्बोरेटरमध्ये यासाठी छोटा पंप असतो, मिकुनीच्या साध्या व्हीएम किंवा केहिनच्या पीई प्रकारात नसतो. पायलट किंचित रिच ठेवून ती बरीच कमी होते. गळाच गरजेपेक्षा मोठा असेल तर पूर्ण जात नाही, हे मान्य करावं लागतं.

घाट, ऋतू आणि इथेनॉल

सातारा शहर समुद्रसपाटीपासून साधारण ७०० मीटरवर, महाबळेश्वर साडेतेराशेच्या पुढं. या चढाईत हवा सात-आठ टक्क्यांनी विरळ होते. पण साध्या कार्बोरेटरमध्ये हवा विरळ झाली की पेट्रोलची ओढही काही प्रमाणात घटते. मिक्श्चर त्यामुळं निम्म्यानंच, म्हणजे चार टक्क्यांच्या आसपास रिच होतं. केहिनच्या जेटमध्ये सांगायचं तर जेमतेम दोन नंबर. एका दिवसाच्या फेरीसाठी जेट बदलायचं कारण नाही. वर गाडी थोडी मंद वाटते ती मुख्यतः हवाच कमी असल्यानं, आणि ती ताकद कुठल्याही जेटनं परत येत नाही. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला गेलात तर उलट होतं, गाडी थोडी लीन होते. म्हणून रोज खाली जाणाऱ्यानं काठावर लीन ट्यून करू नये. सांगलीत जमवलेली गाडी मात्र साताऱ्यात तशीच चालते, उंचीतला फरक फार नाही.

घाटापेक्षा ऋतू कमी लेखला जातो. डिसेंबरच्या १२ अंशांच्या पहाटेपासून एप्रिलच्या ३८ अंशांच्या दुपारपर्यंत हवेच्या घनतेत आठ टक्क्यांच्या वर फरक पडतो, म्हणजे सातारा-महाबळेश्वर एवढाच. भर उन्हाळ्याच्या दुपारी अगदी काटेकोर जुळवलेली गाडी हिवाळ्यात सकाळी लीन पडते. सकाळी नऊ-दहाची वेळ ट्यूनिंगला बरी.

आणि पेट्रोल. आपल्याच उसाच्या पट्ट्यातल्या कारखान्यांचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. शुद्ध पेट्रोलला वजनानं १४.७ पट हवा लागते, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा पट. म्हणजे जुन्या पेट्रोलवर बरोबर असलेला जेट आज लीन पडतो. दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे जेटचे तक्ते पाहून बसवत असाल तर त्याच्या एक-दोन पावलं वरून सुरुवात करा. इथेनॉल पाणी ओढतं. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर कॉक बंद करून वाटी रिकामी करा, नाहीतर पायलट जेटचं बारीक भोक पहिलं बुजतं. ते तारेनं खरवडू नका, कार्ब क्लीनर आणि हवेच्या दाबानं साफ करा. तारेनं भोक वाढलं की नंबरला अर्थ राहत नाही.

पीयूसी केंद्राचा खरा उपयोग

पीयूसीचं यंत्र स्लोवरचं कार्बन मोनॉक्साइडचं प्रमाण दाखवतं, म्हणजे तुमच्या पायलटचा थेट आरसा. २००० नंतरच्या, बीएस-४ या प्रदूषण-मानकाच्या आधीच्या चार-स्ट्रोक दुचाकींना मर्यादा ३.५ टक्क्यांची आहे. आकडा त्याच्या वर गेला तर स्लोचं मिक्श्चर रिच आहे. अर्ध्या टक्क्याच्या खाली असून गाडी अडखळत असेल तर लीन. सायलेन्सरमध्ये हवा सोडणारी व्यवस्था चालू असेल तर आकडा खोटा कमी दिसतो; तपासताना तिची नळी तात्पुरती दाबून धरा. मूळ रचनेत नसलेला बदल करण्यावर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चं बंधन आहे, हेही खरेदीआधी लक्षात घ्या. १ एप्रिल २०२० नंतरच्या इंजेक्शनच्या गाडीवर कार्बोरेटर चढवण्याच्या फंदात तर पडूच नका.

सगळं जमलं की मेन जेट, पायलट जेट, क्लिपची खाच आणि स्क्रूचे आटे हे चार आकडे सीटखाली चिकटवून ठेवा. पुढच्या सर्व्हिसिंगला कुणीतरी कार्बोरेटर उघडणारच आणि सवयीनं स्क्रू फिरवणारच. मग पुन्हा शोधत बसावं लागणार नाही.